कृपया वाकवू नये

गेल्या जुलैत मी एक गुन्हा केला. तो कलमाबिलमात बसणारा नाही, पण माझ्या लेखी गुन्हाच. एक्काहत्तराव्या वर्षापर्यंत माझ्या आजोबांनी जपलेलं एक पाकीट मी दहा मिनिटांत बांधलं, टपालात टाकलं आणि चार दिवसांत त्याची वाट लावली. दोष पोस्टमनचा नाही, तो शंभर टक्के माझा आहे. आणि आपण एस.ओ.एम.मध्ये पहिल्या झटक्यात सुटलेलो असताना हे व्हावं, हे जास्त लागलं.

तर झालं असं. आजोबांना तिकिटं जमवायचा नाद होता. ते गेल्यावर त्यांचे तीन अल्बम घरात कुणाला नको होते, म्हणून माझ्याकडे आले. त्यात 15 ऑगस्ट 1948 चा शिक्का असलेलं एक पाकीट होतं. स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्धापनदिनी गांधीजींची चार तिकिटं निघाली होती, दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. छपाई स्वित्झर्लंडमधल्या कूर्व्हाझिए या छापखान्यात झालेली. तिकिटावर 'बापू' हे नागरीत आणि उर्दूत. आमच्या पाकिटावर त्यातलं सगळ्यात स्वस्त, दीड आण्याचं तपकिरी तिकीट. बाजारात त्याला फार मोल आहे असं नाही. पण ते पाकीट आजोबांना नागपूरच्या नानांनी दिलं होतं, आणि दोघांमधली देवाणघेवाण पुढे चाळीसएक वर्षं चालली होती. नाना आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या गल्लीतल्या शाळेत तिकिटांचं छोटंसं प्रदर्शन होतं. त्यांनी फोन केला, "ते बापूंचं पाकीट आठ दिवसांपुरतं पाठवशील का रे? मीच दिलं होतं तुझ्या आजोबांना."

मी म्हटलं, हो नाना, लगेच.

'लगेच' हाच घोटाळा. जिच्यात मी सबमिशनचे कागद ठेवतो त्या मऊ प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये पाकीट सहा महिने पडलेलं होतंच. ते तसंच उचललं, मागे बिस्किटांच्या खोक्याचा एक तुकडा लावला, वरून चारी बाजूंनी सेलोटेप, मग खाकी लिफाफा. लिफाफ्यावर लाल स्केचपेनने मोठ्या अक्षरात लिहिलं: कृपया वाकवू नये. बाहेर धो धो पाऊस. पाचव्या दिवशी नानांचा फोन आला. "पोचलं बरं का," एवढंच म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "मधोमध जरा घडी पडलीय. कोपरे दबलेत. आणि प्लॅस्टिक सुटत नाहीये मागून." ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

पाकीट प्रदर्शनात लागलं नाही. पंधरा दिवसांनी ते मला परत आलं. आणि ते ज्या बांधणीतून आलं, तिच्यावर हा लेख आहे.

आधी घडीचं बोलू, कारण खरं मरण तिथे आहे. कोणतीही पट्टी वाकवली की बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दबते, हे आपण सगळ्यांनी व्हायवाला घोकलंय. ताण किती? जाडी भागिले वाकाच्या त्रिज्येची दुप्पट. साधा कागद 0.1 मिलिमीटर जाड धरा. पेन्सिलीभोवती गुंडाळला, म्हणजे त्रिज्या साधारण 4 मि.मी., तर ताण सव्वा टक्का. साधा कागद दोन-चार टक्के ताणला की तुटायला लागतो, म्हणजे पेन्सिलीपर्यंत तो कसाबसा तग धरतो. पण घडी घालून बोटाने दाबलं की त्रिज्या जाडीइतकीच उरते आणि ताण 50 टक्क्यांवर जातो. तिथे कागद वाकत नाही, तुटतो. कागद म्हणजे लाकडाच्या किंवा कापसाच्या तंतूंची गच्च विणलेली चटई, आणि घडीच्या रेषेवर हे तंतू मोडतात, एकमेकांना धरून ठेवलेले सुटतात. म्हणून घडी इस्त्रीने जात नाही. (आमच्या विंगमध्ये इस्त्रीचा सल्ला तिघांनी दिला. इस्त्रीने कागद सपाट होतो, मोडलेला तंतू जुळत नाही. शिवाय डिंक वितळतो आणि कागद पिवळा पडतो, तो बोनस.) पाकिटाचा कागद पोस्टकार्डासारखा जाड असेल तर परिस्थिती आणखी वाईट, कारण जाडी वाढली की त्याच वाकाला ताणही वाढतो. पाव मिलिमीटरच्या कार्डाला एक टक्क्याच्या आत राहायचं तर साडेबारा मि.मी.पेक्षा कमी त्रिज्येत वळवता कामा नये.

मग वाकू द्यायचंच नाही. इथे बिस्किटाच्या खोक्याचा तुकडा लावणारा माझ्यासारखा हुशार येतो. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनावर जातो. अर्धा मि.मी. पुठ्ठ्याचे दोन तुकडे नुसते एकावर एक ठेवले तर ताठपणा दुप्पट होतो, पण तेच दोन फेव्हिकॉलने चिकटवले तर आठपट. कारण सुटे असताना ते एकमेकांवरून घसरतात, चिकटवल्यावर एकच जाड पट्टी होतात. नानांच्या पार्सलमधले पुठ्ठे चिकटवलेले होते. हे मला आत्ता सुचतंय असं मी लिहितोय खरं, पण दुसऱ्या वर्षाच्या वहीत हे गणित माझ्याच अक्षरात आहे.

आता त्या पुठ्ठ्याविषयी, कारण मला तो सगळ्यात आवडला. आपल्याकडे 'तीन प्लाय' म्हणतात तो खोक्याचा पुठ्ठा: दोन सपाट कागद आणि मध्ये पन्हाळीसारखा नागमोडी कागद. याची सुरुवात टोपीतनं झाली. 1856 मध्ये इंग्लंडमध्ये या नागमोडी कागदाचं पेटंट घेतलं गेलं ते उंच टोप्यांना आतून अस्तर लावायला. अमेरिकेत 1871 मध्ये अल्बर्ट जोन्स यांनी तो बाटल्या आणि कंदिलाच्या काचा गुंडाळायला वापरला. गंमत अशी की यात मालमसाला जवळजवळ नसतो. समजा, दोन सपाट कागद 0.2 मि.मी.चे आहेत. चिकटवून 0.4 मि.मी.ची एक पट्टी केली तर एक ठरावीक ताठपणा मिळेल. तेच दोन कागद मधल्या नागमोडीने एकमेकांपासून 3 मि.मी. दूर धरले, तर ताठपणा साधारण 170 पट होतो. कागद तेवढाच, फक्त दूर नेला. आय-सेक्शनच्या गर्डरमध्ये आपण जे करतो तेच.

पण यात एक खोड आहे आणि तिथेच बहुतेकांचं पॅकिंग फसतं. नागमोडीला दिशा असते. पन्हाळी ज्या दिशेने धावतात, त्या दिशेला समांतर रेषेवर पुठ्ठा सहज दुमडतो, आडवा वाकवायला जोर लागतो. एकच पुठ्ठा लावला म्हणजे पोस्टमनला किंवा आपल्या वॉचमन मामांना दुमडायची जागा आखून दिल्यासारखं आहे. म्हणून दोन पुठ्ठे घ्यायचे: एकाच्या पन्हाळी उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या. नानांनी नेमकं हेच केलं होतं. शर्टाच्या दुकानातनं आणलेल्या खोक्याचे दोन तुकडे, काटकोनात, मध्ये माझं पाकीट.

मला हे पटायला प्रयोग करावा लागला. गावी जुन्या, कोरड्या पोस्टकार्डांचा गठ्ठा होता, त्यातली सहा घेतली. सहा वेगवेगळ्या बांधणी केल्या. दोन विटांवर टोकं टेकवायची आणि मध्ये एकेक करून पुस्तकं ठेवत जायची. (यू.टी.एम.वर करू का, असं मी सरांना विचारलं. सरांनी दाराकडे बघितलं. चाळीस टनांच्या मशीनवर पोस्टकार्ड, खरंय.) एका पुठ्ठ्याची, पन्हाळी विटांना समांतर ठेवलेली बांधणी थर्मोच्या पहिल्या पुस्तकालाच बसली. काटकोनातली जोडी माझी सगळी पुस्तकं, रूममेटची सगळी पुस्तकं आणि शेवटी स्वतः रूममेट एका पायावर, इथपर्यंत टिकली. त्याने दुसरा पाय ठेवला तेव्हा वीटच फुटली. प्रयोग तिथे थांबला.

बबल रॅपची बांधणीही त्यात होती. ती वाकण्याच्या बाबतीत नापास. बबल रॅप 1957 मध्ये न्यू जर्सीत आल्फ्रेड फील्डिंग आणि मार्क शव्हान या दोघांच्या हातून जन्मला, तोसुद्धा भिंतीला लावायचा उठावदार कागद बनवताना. धक्का शोषायला तो उत्तम, पण तिकिटाला धक्क्याने काहीच होत नाही, तिकीट मुळात तीनशे फुटांवरून पडलं तरी तरंगतच येणार! कागदाचे शत्रू वाक, ओल आणि कोपऱ्याला बसलेला टोला. शिवाय बबल रॅप थेट कागदाला लागून वर वजन आलं तर त्याचे गोल गोल ठसे उठतात. लोक बबल रॅप बघून निर्धास्त होतात, हा त्याचा मोठा तोटा.

कोपऱ्यांचं सोपं आहे, तरी मी चुकलोच. माझा पुठ्ठा पाकिटाएवढाच होता. त्यामुळे पिशवीत आपटलेला प्रत्येक टोला थेट पाकिटाच्या कोपऱ्याला. नानांचा पुठ्ठा चारी बाजूंनी दोन-दोन बोटं मोठा होता, आणि पाकीट आत सरकू नये म्हणून त्यांनी कागदाचे चार त्रिकोणी खिसे करून पुठ्ठ्यावर चिकटवले होते, जुन्या फोटो-अल्बममध्ये असायचे तसे. पाकिटाला स्वतःला डिंकाचा एक ठिपका लागलेला नव्हता.

आता ओल. इथे मी बरेच दिवस चुकीचा विचार करत होतो. मला वाटायचं, पिशवी सील केली की आतली दमट हवा थंड होऊन पाणी होत असेल. गणित करून बघितलं. 30 अंश सेल्सिअसला 80 टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू 26 अंशांच्या आसपास येतो, म्हणजे रात्री गाडीत चार अंश गार झालं की दव पडायला हरकत नाही. ऐकायला भयंकर. पण पाणी किती? एक लिटर हवेत जेमतेम 24 मिलिग्रॅम वाफ. थेंबसुद्धा नाही. मग ओल येते कुठून? पुठ्ठ्यातून! पावसाळी हवेत कागद स्वतःच्या वजनाच्या दहाएक टक्के पाणी धरून बसतो. पन्नास ग्रॅम पुठ्ठा म्हणजे पाच ग्रॅम पाणी, हवेतल्यापेक्षा दोनशे पट. मी जुलैत गॅलरीत पडलेला पुठ्ठा कापला आणि प्लॅस्टिकमध्ये हवाबंद केला, म्हणजे पाकिटाशेजारी पाणी भरून झाकण लावलं. नानांच्या बांधणीत पुठ्ठे कडकडीत वाळवलेले होते, आणि वाळलेला पुठ्ठा उलट आतली ओल शोषून घेतो. सिलिका जेलच्या पुडीचं काम तो फुकटात करतो.

ओलीने नुसती बुरशी येते असं नाही. कागदाचा तंतू पाणी प्यायला की जाडीत बराच फुगतो, लांबीत जवळजवळ नाही. मशीनवर कागद बनताना तंतू बहुतेक एकाच दिशेला झोपलेले असतात, म्हणून कागद एका दिशेला जास्त वाढतो. पाकिटावर तिकीट चिकटवलेलं, तिकिटाचे तंतू एका दिशेला, पाकिटाचे दुसऱ्या. दोघं वेगवेगळे वाढले की कागद लाटांसारखा होतो. द्विधातू पट्टी आठवा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे डिंक. माझ्या पाकिटाचं झाकण कधी चिकटवलेलंच नव्हतं, म्हणजे त्यावर 1948 चा डिंक तसाच होता. त्याने ओल खाल्ली आणि फाईलच्या प्लॅस्टिकला मिठी मारली.

त्या प्लॅस्टिकचाही हिशेब आहे. तुमच्यापैकी प्रत्येकाने हे बघितलंय: झेरॉक्सच्या नोट्स मऊ प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये वर्षभर राहिल्या की अक्षरं प्लॅस्टिकवर उलटी छापली जातात. पी.व्ही.सी. मुळात कडक, पाइपासारखं. ते मऊ करायला त्यात तेलकट प्लॅस्टिसायझर घालतात आणि ते हळूहळू बाहेर पाझरतं, शाई मऊ करतं, कागदावर डाग सोडतं. नवीन फाईलला जो वास येतो तो याच भानगडीचा. लग्नपत्रिका किंवा नवा शर्ट ज्या कुरकुरणाऱ्या पिशवीत येतो ती पॉलिप्रॉपिलीनची. तिच्यात हा त्रास नाही. ओळख सोपी: ताणली जाते, चिकट लागते, वास येतो ती नको, चुरचुर आवाज करते ती चालेल. फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीत तांब्याच्या तारेवर प्लॅस्टिक जाळून हिरवी ज्योत बघितली होती, तीही क्लोरिनची, म्हणजे पी.व्ही.सी.ची खूण, पण ती परीक्षा लॅबच्या फ्यूम हूडखालीच करा, त्यातून आम्लाचा धूर निघतो आणि रेक्टर तसेच तापलेले असतात.

नानांनी पाकीट आधी ग्लासिनमध्ये ठेवलं होतं (तिकिटवाल्यांचा तो चकचकीत, अर्धपारदर्शक कागद, ट्रेसिंग पेपरचा भाऊ समजा), मग कुरकुरीत पिशवीत, मग पुठ्ठ्यांत. सेलोटेप पाकिटाच्या आसपासही नाही, कारण तिचा गोंद उन्हाळ्यात कडेने ओघळतो आणि कागदात शिरला की तपकिरी डाग कायमचा. रबरबँडही नाही.

आणि टेप जिथे होती तिथे प्रत्येक पट्टीचं टोक त्यांनी स्वतःवर दुमडून छोटी शेपटी सोडली होती. ओढली की पट्टी निघते. वरच्या लिफाफ्यावर पेन्सिलने बाण आणि बारीक अक्षरात, 'या बाजूने कापावे'. मला नंतर फोनवर म्हणाले, "अर्धी पाकिटं टपालात नाही रे मरत, उघडणाऱ्याच्या ब्लेडने मरतात." आत पत्त्याची दुसरी चिठ्ठी, बाहेरचा लिफाफा फाटला तर कुणाला तरी कळावं म्हणून. पिन कोड ठळक. (हा पिन कोड 1972 मध्ये आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी होते आणि संस्कृतचे कवी, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?)

'कृपया वाकवू नये' असं मात्र त्यांनी कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं तर हसले. मोठ्या केंद्रांत पत्रं पट्ट्यांवरून आणि रोलरमधून धावतात, रोलरला मराठी येत नाही. आणि माणूस तरी काय करणार? आपल्या हॉस्टेलच्या ऑफिसमधले टपालाचे कप्पे बघा. वहीएवढा लिफाफा त्यात बसत नाही, मग मामा तो प्रेमाने दुमडतात आणि खुपसतात. वाकवू नका सांगण्यापेक्षा वाकवता येणार नाही असं करा. प्रॉडक्शनच्या तासाला सर ज्याला पोका-योके म्हणतात ते नागपूरच्या एका निवृत्त माणसाला न शिकता माहीत होतं. त्यांनी पार्सल स्पीड पोस्टने पाठवलं होतं. रजिस्टर केलेलं नाही का, असं मी विचारलं तर म्हणाले, ते 2025 मध्ये स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं, तुला पेपर वाचायला वेळ नसेल.

त्याच फोनवर त्यांनी मला सिंध डाकची गोष्ट सांगितली, बहुधा माझं तोंड उतरलंय हे आवाजावरनं कळल्यामुळे. हिंदुस्थानातलं, किंबहुना आशियातलं पहिलं चिकटवायचं तिकीट 1852 मध्ये सिंधमध्ये निघालं, बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत. पहिला नमुना लाल लाखेच्या चकतीवर उठवलेला. दिसायला देखणा, पण लाख ठिसूळ. टपालाच्या थैलीत हेलकावे खाताना चकत्यांना तडे जात, तुकडे पडत. मग ते बदलून कागदावर पांढरी आणि निळी छाप आणली. 1 ऑक्टोबर 1854 ला सगळ्या हिंदुस्थानासाठी तिकिटं आली आणि सिंध डाक बंद पडली. धड राहिलेली लाल चकती आज अतिशय दुर्मीळ आहे. "म्हणजे बघ," नाना म्हणाले, "आपल्याकडचं पहिलं तिकीटच प्रवासात फुटलं. तू काही पहिला नाहीस."

त्यांच्या पार्सलमध्ये माझ्या पाकिटाबरोबर आणखी एक वस्तू निघाली. आजोबांनी त्यांना 1979 मध्ये लिहिलेलं एक पोस्टकार्ड. बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर, शेवटी जागा संपली म्हणून कडेने उभं लिहिलेलं. त्यात तिकिटांपेक्षा माझ्या बाबांच्या दहावीच्या मार्कांची काळजी जास्त आहे. सोबत नानांची चिठ्ठी: 'वाचून झालं की परत पाठव. घाई नाही.'

म्हणजे आता मला ते पाठवायचंय. पुठ्ठे कापून झालेत, एकाच्या पन्हाळी उभ्या, एकाच्या आडव्या. मेसच्या मावशींनी ते भट्टीमागच्या फळीवर वाळत ठेवू दिलेत, फक्त पोस्टकार्डाला फोडणीचा वास लागू नये म्हणून ते स्वतः मी खोलीत ठेवलंय. कुरकुरीत पिशवी एका ज्युनिअरच्या शर्टाची मिळाली. ग्लासिन शहरात जाऊन आणलं. टेपला शेपट्या करायची सवय झालीय. मंगळवारपासून पाऊस थांबलेला नाही, म्हणून अजून बांधलेलं नाही. कालच नानांचा फोन येऊन गेला, पार्सलबद्दल एक शब्द विचारला नाही.

ज्यांच्याकडे शर्टाचे रिकामे, कोरडे खोके असतील त्यांनी टाकू नका. दुसऱ्या मजल्यावर, पाण्याच्या कूलरसमोरची खोली. एक पुठ्ठा मी वाळवताना जाळलाय.